चाळिसावा हिस्सा

२०२५ च्या फेब्रुवारीतली दुपार. जोहरची नमाज पढून मी नुकताच घरी आलो होतो. आपा ओसरीवर सुपात तुरीची डाळ घेऊन खडे वेचत बसली होती. अंगणवाडीची बाई दारात आली. तिच्या हातात यादी होती. पोरगी ओळखीचीच, माझ्या शाळेत शिकून गेलेली. तिनं आधी सलाम केला, मग खाली मान घालून विचारलं, "गुरुजी, बाहेर उभी आहे ती गाडी कोणाच्या नावावर आहे?"

मी म्हणालो, "माझ्या. का?"

तिनं यादीवर टिकली केली आणि म्हणाली, "काही नाही, विचारायला सांगितलं आहे." चहा घ्यायलाही थांबली नाही. तिची काही चूक नव्हती. दिवसाला किती घरं फिरायची आणि किती जणांचे शिव्याशाप ऐकायचे, याला काही मानधन मिळत नसावं.

त्यानंतर काही महिन्यांनी आपाच्या खात्यात पंधराशे रुपये येणं बंद झालं. आपाला वाटलं, उशीर झाला असेल. तिनं पासबुक घेऊन बँकेत तीन चकरा मारल्या. चौथ्या वेळी मी सोबत गेलो, तेव्हा कळलं की नाव गळालं आहे. कोणत्या टेबलावर गळालं, कोणत्या नियमानं गळालं, ते कोणालाच धड सांगता येईना. नियमात कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. आपा विधवा. तिची एकुलती एक मुलगी लग्न होऊन यवतमाळला गेलेली. त्या हिशेबानं आपा एकटीच एक कुटुंब आहे. म्हणून तर २०२४ मध्ये मीच तिचा उत्पन्नाचा दाखला काढून फॉर्म भरला होता. पण शिधापत्रिका आमची एकच. त्या कार्डावर आपा माझ्या कुटुंबात, आणि माझ्या कुटुंबाच्या दारात चारचाकी.

ही गाडी जुनी आहे. सेवानिवृत्तीचे पैसे मिळाल्यावर एका ओळखीच्या माणसाकडून घेतली. बायकोला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागतं, हिंगणघाटहून एसटीनं जाणं तिला झेपत नाही, म्हणून घेतली. आपा त्या गाडीत मोजून तीनदा बसली असेल. तिसऱ्यांदा बसली तेव्हा उलटी होईल म्हणून वायगावलाच उतरते म्हणाली होती.

आमच्या घरात आम्ही आपसात जी बोलतो ती हिंदी-उर्दूची खिचडी असते. लिहितो मात्र मराठीत, कारण शिकलो मराठीत आणि आयुष्यभर शिकवली मराठी. तेव्हा आपाचं बोलणं मराठीत लिहिलं तरी वाचकांनी ते मनातल्या मनात आपापल्या घरच्या भाषेत ऐकावं.

आपा माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. दुल्हाभाई मिलमध्ये होते. मिलचे दिवस फिरले, मग त्यांची तब्येत फिरली. १९९८ मध्ये ते गेले आणि आपा मुलीला घेऊन आमच्याकडे आली. तेव्हापासून ती याच घरात आहे. माझी मुलं तिच्याच मांडीवर मोठी झाली. मी शाळेत, बायको आजारी, तेव्हा घराची चूल आपानंच पेटती ठेवली. साड्यांना फॉल-पिको करून ती दहा-वीस रुपये मिळवायची. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तेही थांबलं. त्यानंतर तिला काही हवं असलं तर मला किंवा माझ्या मुलाला सांगावं लागायचं. ती सांगायची नाही. चप्पल तुटली तर तार बांधून घालायची. आम्ही कधी तिला नाही म्हटलं नाही, हे मी स्वतःला बजावत आलो. पण कधी आपणहून विचारलं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

ऑगस्ट २०२४ मध्ये पहिल्यांदा तिच्या खात्यात दोन महिन्यांचे मिळून तीन हजार रुपये आले. त्या दिवशी आपानं मला शंभराची नोट दिली आणि म्हणाली, "जा, सगळ्यांसाठी भजी घेऊन ये. आज माझ्याकडून." बासष्ट वर्षांची बाई, आणि 'माझ्याकडून' हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो. पुढच्या महिन्यांत तिनं रक्तदाबाच्या गोळ्या स्वतः आणल्या. नातवाला ईदी दिली. आणि अर्ध्या तिकिटात एसटीनं गिरडला जाऊन बाबा शेख फरीद यांच्या दर्ग्यावर फातिहा पढून आली. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं होतं, पण ते अर्धं काढायलाही हातात काही असावं लागतं.

आता दुसरी बाजू सांगतो. ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

आम्ही काही निवृत्त मास्तर, एक-दोन बँकवाले, एक किराणा व्यापारी आणि एक जिनिंगचे माजी मुनीम असे रोज सकाळी वणा नदीच्या बाजूला फिरायला जातो. परतताना एका टपरीवर चहा होतो. २०२४ च्या पावसाळ्यापासून त्या टपरीवर एकच विषय होता. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या बायकांना महिन्याला पंधराशे द्यायचे की नाही? व्यापारी म्हणायचे, "आम्ही टॅक्स भरायचा आणि यांनी वाटायचा." बँकवाले म्हणायचे, "राज्याच्या डोक्यावर कर्ज किती झालं ते बघा." एका सनदी लेखापालानं करदात्यांचा पैसा असा वाटू नये म्हणून उच्च न्यायालयात धाव घेतली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयानं ती याचिका फेटाळली, तेव्हा आमच्या टपरीवर न्यायालयाचीही फेरसुनावणी झाली.

या सगळ्यात मी काय म्हणालो? मी म्हणालो, "फुकटच्या पैशानं लोक आळशी होतात. आता शेतात निंदायला बाई मिळत नाही." हे मी मोठ्यानं, चारचौघांत, मान डोलावणाऱ्या माणसांपुढे म्हणालो. घरी आपाचा फॉर्म मीच भरलेला होता. पण आपाचा पैसा वेगळा आणि 'लोकांचा' पैसा वेगळा, अशी माझ्या डोक्यात सोयीस्कर भिंत होती. आपली ती गरज आणि दुसऱ्याचं ते फुकट.

टपरीवाला गाळणी हलवत ऐकत होता. तो म्हणाला, "गुरुजी, तुमी भरता तो टॅक्स. अन् आमी काडीपेटीवर, साबणावर, पोराच्या बिस्कुटावर देतो, तो काय दानधर्म हाय काय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण चहा कडू लागला. एवढ्या वर्षांत नागरिकशास्त्र शिकवताना प्रत्यक्ष कर आणि अप्रत्यक्ष कर यांतला फरक मी पोरांकडून घोकून घेतला होता. दोन गुणांचा प्रश्न. त्या दोन गुणांचं उत्तर एका न शिकलेल्या माणसानं मला चहाबरोबर दिलं.

आणखी एक गोष्ट त्या वेळी कोणी बोललं नाही, पण ती मला आठवली. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांचा संप झाला. मी १९८० च्या दशकात लागलेला, म्हणून मला जुनी पेन्शन मिळणारच होती. पण २००५ च्या नोव्हेंबरनंतर लागलेल्या तरुण शिक्षकांना ती नाही, म्हणून त्यांच्यासोबत मीही मोर्चात चाललो. निवृत्तीला काहीच महिने उरले होते. तेव्हा बाजारातले लोक म्हणत होते, "यांना फुकटची पेन्शन कशाला? सरकार बुडेल." आम्हाला किती राग आला होता! आम्ही म्हणालो, ही भीक नाही, हक्क आहे. बरोबरच म्हणालो. मग आपानं तीस-चाळीस वर्षं केलेली चूल, धुणी, बाळंतपणं, आजारपणं, त्याची पेन्शन कोण देणार होतं? तो हिशेब मी मोर्चात केला नाही आणि टपरीवरही केला नाही.

धाकटा भाऊ गावी असतो. तीन एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. त्याच्याकडे केशरी कार्ड. २०१५ मध्ये राज्य सरकारनं आत्महत्याग्रस्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १४ जिल्ह्यांतल्या अशा शेतकऱ्यांनाही कंट्रोलचं धान्य सुरू केलं. मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा जिल्हे, त्यांत आपला वर्धा. माणशी महिन्याला ५ किलो, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो. भावाच्या घरी पाच माणसं. पंचवीस किलो धान्य घरात आलं की जिनिंगवाल्याच्या दारात कापूस घाईनं टाकावा लागत नसे, भाव चढेपर्यंत थोडं थांबता यायचं. कंट्रोलच्या धान्याचा हा उपयोग कोणत्याही अहवालात मी वाचला नाही, तो वहिनीनं सांगितला.

२०२२ मध्ये केंद्राकडून या योजनेसाठी गहू-तांदूळ मिळणं थांबलं. २०२३ च्या सुरुवातीला राज्यानं ठरवलं की धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये बँक खात्यात द्यायचे. २०२४ मध्ये त्याचे १७० झाले. कागदावर पाहिलं तर काहीच कमी झालं नाही. पाच किलो धान्य बाजारात तीस रुपये किलोनं घेतलं तर दीडशेच होतात. पण बाजारात भाव वाढला तरी कंट्रोलचा दोन रुपयांचा गहू दोन रुपयांचाच राहायचा. खात्यातले दीडशे मात्र दीडशेच राहतात आणि गहू पुढे निघून जातो. शिवाय घरात आलेलं धान्य थेट चुलीवर जातं. खात्यात आलेल्या पैशाला वाटेत कृषी केंद्राची उधारी भेटते, पोराची फी भेटते. वहिनी म्हणाली, "भाईजान, दाण्याला पाय नसतात. पैशाला असतात."

सवलत अशी कापली जाते. कोणी उठून 'आम्ही बंद करतो' असं म्हणत नाही. धान्याचे पैसे होतात, पैशाला अट लागते, अटीला कागद लागतो आणि कागदाला अंगठा लागतो. २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत रवा, डाळ, साखर, तेल असा 'आनंदाचा शिधा' आला. २०२५ च्या गणपती-दिवाळीत तो आला नाही. निवडणुकीत पंधराशेचे एकवीसशे करू असं आश्वासन होतं. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ते आलं नाही. जुलै २०२५ मध्ये मंत्र्यांनी सांगितलं की २६ लाख ३४ हजार बायकांचा लाभ तात्पुरता थांबवला आहे. त्यांत नोकरीवाल्या होत्या, एकाच वेळी अनेक योजना घेणाऱ्या होत्या, काही ठिकाणी तर पुरुषच होते. त्यांना वगळलं याबद्दल तक्रार असण्याचं कारण नाही. लबाडी ही लबाडीच. पण लबाडाला चाळण्यासाठी जी चाळणी लावतात, तिची भोकं नेमकी आपासारख्यांच्याच मापाची का असतात?

आता कराचं बोलू. कारण टपरीवरच्या भांडणाचं खरं मूळ तिथं आहे.

माझ्या पगारपत्रकात दर महिन्याला २०० रुपये 'व्यवसाय कर' म्हणून कापले जायचे, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. मी चिडायचो. हा कसला व्यवसाय, मास्तरकी हा काय धंदा आहे? पुढे निवृत्तीनंतर वाचनालयात बसून वाचताना त्याचा इतिहास सापडला आणि मी वरमलो. १९७५ मध्ये महाराष्ट्रानं हा कर लावला तो रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती, गांधीविचारांचे गृहस्थ. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांची. पैसा कुठून आणायचा? शहरातल्या नोकरदारानं, वकिलानं, डॉक्टरानं, व्यापाऱ्यानं थोडा द्यावा, विक्रीकर, मोटारी आणि बागायती जमिनी यांवर थोडा अधिभार बसावा आणि जेवढं जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालावी. ज्याच्या हाताला बारा महिने काम आहे त्यानं, ज्याच्या हाताला काम नाही त्याच्यासाठी द्यायचं. महाराष्ट्राच्या विधिमंडळात हे ठरलं. १९७७ मध्ये कायदा झाला. पुढे २००५ मध्ये देशानं रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचंच उदाहरण समोर होतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं त्याच्या जागी दुसरा कायदा केला. त्यात बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा आला. म्हणजे राज्यानं पैसा कुठून आणायचा हा पागे यांच्यापुढचा प्रश्न फिरून दारात आला.

आणि १९७२ चा दुष्काळ मला आठवतो. मी सात वर्षांचा होतो. अब्बा रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला जायचे. आपा दहा वर्षांची. ती डोक्यावर भाकरी आणि मडकं घेऊन त्यांच्यामागे जायची. लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरायची नाही. कामावर मिळालेली सुकडी अब्बा रुमालात बांधून आमच्यासाठी आणायचे. ती गोड असायची. आजही ती चव जिभेवर आहे. तेव्हा कोणा अनोळखी माणसाच्या खिशातून निघालेल्या पैशावर माझं पोट भरलं. त्याच पोटानं मी शिकलो, मास्तर झालो आणि पगारातले दोनशे रुपये कापले म्हणून चिडलो. मी फेडत होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि मला शिकता यावं म्हणून जिची शाळा चौथीत सुटली, ती आपा माझ्याच कार्डावर, माझ्याच गाडीमुळे अपात्र ठरली.

या व्यवसाय कराची गंमत अशी की घटनेच्या २७६ व्या कलमात त्याची कमाल मर्यादा लिहिलेली आहे. १९८८ मध्ये ती २५० वरून २,५०० रुपये केली, तेव्हापासून ती तशीच आहे. महिन्याला वीस हजार कमावणारा कारकून वर्षाला २,५०० भरतो आणि महिन्याला वीस लाख कमावणारा कंपनीचा संचालकही २,५००. कापसाचा भाव, सोन्याचा भाव, जमिनीचा भाव, सगळं कुठल्या कुठे गेलं. श्रीमंताकडून मागण्याची ही मर्यादा तेवढी हलली नाही. उलट योजनेची उत्पन्नमर्यादा ओलांडली की गरिबाचं नाव दुसऱ्या दिवशी गळतं.

केंद्राकडेही असंच. १९५७ मध्ये देशात संपत्ती कर आला. निकोलस काल्डोर नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाच्या शिफारशीवरून तो आला. वारसा हक्कानं मिळणाऱ्या मालमत्तेवरचा कर १९५३ मध्ये आला आणि १९८५ मध्ये गेला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. रद्द करणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या कराचं वर्षाचं उत्पन्न जेमतेम हजार कोटी, गोळा करण्याचा खटाटोप मोठा. त्याऐवजी एक कोटीवर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला, त्यातून नऊ हजार कोटींची अपेक्षा होती. आमचे बँकवाले मित्र सांगतात तेही खरं, की १९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता आणि त्यामुळे सरकारची तिजोरी भरली नाही, काळ्या पैशाची भरली. कर एवढा लावला की माणूस चोर होतो. हे सगळं मान्य. पण सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांच्या कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्के केला, तेव्हा सरकारनंच सांगितलं की वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडावं लागेल. त्या सकाळी आमच्या टपरीवर कोणी 'फुकट' हा शब्द उच्चारला नाही. कंपन्या आळशी होतील, अशी चिंता कोणाला वाटली नाही. मलाही नाही.

वर्धा जिल्ह्यात राहून हा विषय गांधीजींशिवाय संपत नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. त्यामागचा एक पेच पैशाचाच होता. प्रांतांच्या शाळा बऱ्याच अंशी दारूच्या उत्पन्नावर चालत. दारूबंदी केली तर शाळा कशावर चालवायच्या? गांधीजी म्हणाले, मुलांच्या हातांना उद्योग शिकवा, शाळा स्वतःचा खर्च स्वतः काढील. त्यांच्यासमोर बसून अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी विरोध केला. शाळेत पोरांनी बनवलेला माल बाजारात गेला तर गरीब कारागिराच्या पोटावर पाय येईल, असं त्यांचं म्हणणं. आणि ज्यांच्या नावानं पुढे ती समिती ओळखली गेली, त्या जामिया मिलियाच्या डॉ. झाकीर हुसेन यांनाही शंका होती. स्वावलंबनावर फार भर दिला तर शिक्षक मुलांकडून कामं उपसून घेणारे मुकादम होतील, अशा आशयाची भीती त्यांनी व्यक्त केली होती. ती परिषद मला फार आवडते. मतभेद उघड झाले, गांधीजींच्या तोंडावर झाले आणि तरी माणसं एका पंगतीला जेवली. आमच्या समाजाचा एक विद्वान त्या चर्चेच्या मध्यभागी होता, हे आमच्या पोरांना आम्ही सांगतो का?

आणि पेच अजून तोच आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. बंदी कागदावर किती आणि बांधावर किती, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दारूवरचं शुल्क वाढवलं. १४ हजार कोटींचं जादा उत्पन्न अपेक्षित होतं. बहिणींना द्यायचे पैसे भावाच्या बाटलीतून काढायचे! जी बाई पंधराशे घेते, तिच्याच घरचा पुरुष संध्याकाळी ते सरकारला परत करून येतो. ज्याच्या तिजोरीत आहे त्याच्याकडे मागायची हिंमत नसली की असे हिशेब करावे लागतात.

गांधीजींचा श्रीमंतांकडे पाहण्याचा मार्ग विश्वस्ततेचा. धनवानानं स्वतःला धनाचा मालक न मानता राखणदार मानावं. जमनालाल बजाज यांच्यासारखा माणूस वर्ध्यात होऊन गेला, म्हणून ही कल्पना हवेतली म्हणता येत नाही. पवनारहून निघालेल्या विनोबांनी १९५१ पासून गावोगाव पायी फिरून जमिनीचा सहावा हिस्सा मागितला. लाखो एकर मिळाली. पण त्यातली बरीच कसण्याजोगी नव्हती, बरीच वाटलीच गेली नाही. मोठ्या मनाच्या माणसासाठी विश्वस्तता पुरते. बाकीच्यांसाठी पावती लागते. शे-पाचशे माणसांत एक जमनालाल निघतो, उरलेल्यांचं काय करायचं?

इथं मला आपल्या दीनमधला हिशेब आठवतो. जकात ही खैरात नाही. ती उत्पन्नावर नाही, साठवलेल्या संपत्तीवर आहे. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी एवढी मालमत्ता वर्षभर पडून राहिली की तिचा चाळिसावा हिस्सा तुमचा राहत नाही. पावसाच्या पाण्यावर पिकलं तर दहावा हिस्सा, पाणी ओढून पिकवलं तर विसावा. ज्याला खर्च जास्त त्याला दर कमी. केवढी बारीक नजर! आणि कुरआन शरीफमध्ये मागणाऱ्याचा आणि वंचिताचा तुमच्या मालात 'हक' आहे असा आशय येतो, उपकार असा नाही. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी जकात नाकारणाऱ्यांविरुद्ध किती कठोर भूमिका घेतली, हे आपण तकरीरीत ऐकतो. हजरत उमर (रजि.) यांनी रात्री पिठाचं पोतं स्वतःच्या पाठीवर वाहून नेल्याची गोष्ट पोरांना सांगतो. सांगून झाल्यावर स्वतः गादीवर झोपतो.

कारण आपल्याही मोहल्ल्यातल्या श्रीमंतांचं मला माहीत आहे. प्लॉट बायकोच्या नावावर, दुकान मुलाच्या नावावर, सोनं सुनेच्या अंगावर आणि जकातीचा हिशेब विचारला तर 'अल्लाहचं देणं आहे, देतो जमेल तसं'. पाच हजारांच्या शिध्याच्या पिशव्या वाटल्या तर पंचवीस हजारांचे फोटो. सरकारी कर चुकवण्याच्या युक्त्या आणि जकात चुकवण्याच्या युक्त्या सख्ख्या बहिणी आहेत. आपण दुसऱ्यांच्या अंबानी-अदानींवर बोलतो तेव्हा आपल्या गल्लीतल्या निसाबवाल्यांनाही त्या पंगतीत बसवलं पाहिजे.

आणि मीही त्यातलाच. गेल्या रमजानमध्ये मी वही काढून हिशेब केला. बायकोचं सोनं, बँकेतली ठेव. चाळिसावा हिस्सा काढला. मदरशाच्या सफीरला दिला, यवतमाळकडच्या एका गरजू घराला दिला. पावत्या नीट फाईलमध्ये लावल्या. एकाही वर्षी माझ्या मनात आलं नाही की सख्ख्या गरजू बहिणीला जकात देता येते आणि नात्यातल्या गरजूला आधी पाहावं, असं आपल्याला शिकवलं आहे. ती माझ्या घरात जेवत होती ना, मग झालं. जेवणारा माणूस गरजू नसतो, हा माझा फतवा.

पैसे बंद झाल्यावर मी खटपट केली. एका माहीतगारानं उपाय सांगितला, "ताईंचं कार्ड वेगळं करून घ्या. त्या एकट्या, स्वतंत्र कुटुंब. मग गाडीचा प्रश्नच येत नाही." मी अर्ज आणला, भरला आणि सही घ्यायला आपासमोर ठेवला. तिनं चष्मा लावला. तिला थोडं वाचता येतं. 'कुटुंबातून नाव कमी करणे' ही ओळ तिनं बोट ठेवून वाचली.

"म्हणजे मी या घरातली नाही, असं लिहून द्यायचं?"

"आपा, फक्त कागदावर."

"अब्बांनी मला या घरातून एकदा निरोप दिला होता. मी परत आले. आता पंधराशेसाठी स्वतःच जाऊ?"

तिनं सही केली नाही. मी अर्ज घडी करून खिशात ठेवला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पेन्शन आली, तेव्हा मी पंधराशे रुपये पाकिटात घालून तिच्यापुढे धरले. मला वाटलं, आता प्रश्न सुटला. आपानं पाकीट घेतलं, नोटा मोजल्या, परत पाकिटात घातल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"हे तुझे आहेत, भाई. ते माझे होते."

मला काही बोलता आलं नाही. गिरडच्या डोंगरावर जायफळासारखे गोल गोल दगड सापडतात. लोक सांगतात, दोन व्यापाऱ्यांनी मागणाऱ्या फकिराची थट्टा केली, म्हणून बाबांनी त्यांच्या सगळ्या मालाचे दगड केले. लहानपणी आपा आणि मी ते दगड खिशात भरून आणायचो. तेव्हा मला वाटायचं, बाबांनी व्यापाऱ्यांना फार मोठी शिक्षा केली. आता वाटतं, त्यांनी फक्त खरं काय ते दाखवलं. ज्या मालात दुसऱ्याचा हिस्सा अडकून पडला आहे, तो दगडच असतो.

दुसऱ्या दिवशी टपरीवर पुन्हा तोच विषय निघाला. व्यापारी म्हणाले, "बरं झालं, नावं गळायला लागली." मी म्हणालो, "एक नाव माझ्या घरातलं आहे." मग जे इथं लिहिलं ते थोडक्यात सांगितलं. जुन्या पेन्शनचं सांगितलं, सुकडीचं सांगितलं, अडीच हजारांच्या मर्यादेचं सांगितलं. पूर्वी मी काय बोललो होतो तेही सांगितलं आणि ते चुकलं असं म्हणालो. व्यापारी मित्र पटले नाहीत. ते म्हणाले, "गुरुजी, तुमचं बरोबर असेल, पण देणारे आम्हीच ना?" मुनीम म्हणाले, "देणारे तुम्ही, पण कापूस कोणाचा?" वाद पेटला. चार घोट चहाचा वाद सूर्य वर येईपर्यंत चालला. कोणी कोणाला पाकिस्तानात पाठवलं नाही, कोणी उठून गेलं नाही. टपरीवाल्यानं त्या दिवशी माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला, तर म्हणाला, "राहू द्या गुरुजी, आज आमच्याकडून."

आपाचं नाव अजून यादीत परत आलेलं नाही. आणखी दोन-तीन वर्षांत ती पासष्टची होईल आणि वयाच्या अटीनं ते तसंही जाईल. पण मी घरात एक बदल केला आहे. गावच्या जमिनीत अब्बांनी आपाचा जो शरई हिस्सा ठेवला होता आणि जो आम्ही दोघा भावांनी 'ती आमच्यातच तर राहते' म्हणून कधी वेगळा काढला नाही, तो मोजून घ्यायला आम्ही दोघं तलाठ्याकडे गेलो. मुलाच्या निम्मा मुलीचा, तीन एकरांतला पाचवा भाग. फार नाही, पण तुरीचं पीक निघतं. सातबाऱ्यावर तिचं नाव लागायला वेळ लागेल. या वर्षीच्या तुरीचे तिच्या वाट्याचे पैसे भावानं परवा आणून दिले.

आपानं ते मोजले. परत केले नाहीत.